सातव्या पानावरची पट्टी

मी एक जुनी इतिवृत्ताची वही आहे. सभेत काय ठरले, कोण काय बोलले, कोण हजर होते, हे लिहून ठेवायची वही. तीनशे पाने, कापडी पाठ, कोपऱ्यांना तांबडे कातडे. मित्रांनो, मी सावकाश बोलेन. माझी शिवण सैल झाली आहे आणि भराभर पाने उलटली की मला दुखते.

१९५४ साली तंजावूरला, मराठी राजांच्या जुन्या राजवाड्यामागच्या एका गल्लीत मला गुरुराजांनी बांधले. मैद्याच्या खळीत त्यांनी चिमूटभर मोरचूद घातले, म्हणजे कसर लागत नाही. काम करताना ते स्वतःशीच मराठीत बोलत. पुढे माझ्यात लिहिले गेले ते सगळे इंग्रजीत. पण माझे कान मात्र त्या गल्लीतल्या मराठीवर वाढले.

मला नेले वेंकटरावांनी. ते एकोणतीस वर्षांचे, एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे हंगामी अध्यापक. कावेरीच्या खोऱ्यात हा विषय शिकवणाऱ्यांनी मिळून एक मंडळ काढले होते आणि वेंकटराव त्याचे चिटणीस झाले होते. माझ्या पहिल्या सहा पानांवर त्यांनी नियम आणि सभासदांची नावे लिहिली. सातव्या पानावर पहिली सभा.

त्या सभेला एकोणीस माणसे होती आणि त्यांत एकच बाई. तिचे नाव चंद्रमती. ती मुलींच्या कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळायची. हुद्दा सर्वांत खालचा, म्हणून तिची खुर्चीही दाराजवळ होती. भाषणे झाली, हार झाले. मग ती उठली आणि म्हणाली, "आपण मुलांना विलायती पुस्तकांतली चित्रे शिकवतो. कॉलेजच्या फाटकाबाहेर कालवा आहे, त्यात काय उगवते ते आपल्यालाच ठाऊक नाही. त्याची यादी करू या. माझ्याजवळ दोनशे बारा नमुने आहेत. तिथून आरंभ करा."

आणि तिने वर्तमानपत्रात दाबून वाळवलेल्या झाडांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. सगळे खुर्च्या सोडून टेबलाभोवती जमले. वेंकटरावांनी लिहिले : 'कुमारी चंद्रमती यांनी सुचवले की खोऱ्यातील वनस्पतींची यादी करावी.' त्यांचे अक्षर लहान आणि सरळ होते. मला ते फार आवडायचे.

पुढची दहा वर्षे माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली. दर दोन महिन्यांनी सभा व्हायची. कुणी कुंभकोणमहून पिशवीत शेवाळ आणायचे, कुणी भाताच्या बांधावरचे गवत. माझ्यावर चिखल सांडला, कापीच्या, म्हणजे कॉफीच्या, पेल्याचे गोल डाग पडले. चंद्रमती भिंग लावून एकेक पान बघायची आणि "हे ते नव्हे, हे दुसरे," असे म्हणून मोठमोठ्या प्राध्यापकांची चूक काढायची. यादी सहाशेच्या वर गेली. बाहेरगावाहून पत्रे येऊ लागली, की तुमचे काम छापा.

१९६४ साली ती यादी छापायला गेली आणि तिथून माझ्या दुखण्याला सुरुवात झाली.

मंडळाचे अध्यक्ष हेच वेंकटरावांच्या कॉलेजचे प्राचार्य. त्यांनी वेंकटरावांना खोलीत बोलावले. मी टेबलावरच होते. अध्यक्ष आवाज न चढवता म्हणाले, "यादीवर एकच नाव असावे. लोकांना विश्वास वाटला पाहिजे. आणि वहीतले पुस्तकाशी जुळले पाहिजे, नाही का?"

अध्यक्षांनी समोरची फाइल सरळ केली.

"तुम्ही दहा वर्षे हंगामी आहात. कायम करण्याचा कागद या आठवड्यात माझ्यापुढे येईल."

एवढेच. मित्रांनो, कुणी दरडावले असते तर वेंकटराव कदाचित चिडले असते. त्या दिवशी ते नुसते मान हलवून बाहेर आले. घरी येऊन त्यांनी बोटभर रुंदीची एक कागदी पट्टी कापली, तिच्यावर 'अध्यक्षांनी सुचवले की' असे लिहिले आणि ती सातव्या पानावर चंद्रमतीच्या नावावर चिकटवली. अक्षर तेच होते, लहान आणि सरळ. फक्त या वेळी ते मला आवडले नाही.

पुस्तक एकट्या अध्यक्षांच्या नावावर निघाले. चंद्रमतीने ते सभेत चाळले, मिटले, टेबलावर ठेवले. तिने तक्रार केली नाही. पुढच्या सभेपासून ती यायची बंद झाली.

वेंकटराव कायम झाले. आणखी एकोणीस वर्षे तेच चिटणीस राहिले आणि सेवानिवृत्त होताना मला घरी घेऊन आले. "कॉलेजात वाळवी लागेल," असे त्यांनी सांगितले. लोकांना किती कौतुक वाटले! वेंकटरावांनी वही जिवापाड जपली, असे जो तो म्हणे. त्यांनी मला लोखंडी पेटीत त्यांच्या पत्नीच्या, राजमबाईंच्या, लग्नातल्या शालूखाली ठेवले, वर डांबराच्या गोळ्या टाकल्या आणि किल्ली जानव्याला बांधली.

वर्षातून एकदा, सरस्वतीपूजेला, मी बाहेर यायचे. तंजावूरला त्या दिवशी घरातली पुस्तके पाटावर रचतात, त्यांना गंध-कुंकू लावतात. त्या दिवशी वाचायचे नसते; दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, पुस्तक उघडून चार ओळी वाचायच्या असतात. राजमबाई माझ्यावर कुंकू लावायच्या. दुसऱ्या दिवशी वेंकटराव बाकीची पुस्तके उघडायचे आणि मला न उघडताच पेटीत घालायचे. अशी अकरा वर्षे गेली. अंधारात राहून मी दमले. लिहिण्याने कधी एवढी दमले नव्हते.

बाहेर मात्र दिवस बदलत होते. कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाट्यांचे टेलिफोन बूथ झाले, घरोघर केबल आली, आणि कॉलेजांत कॉम्प्युटर शिरले. १९९४ साल उजाडले. मंडळाला चाळीस वर्षे झाली. नवे अध्यक्ष सुब्रमण्यम मोठे कामसू गृहस्थ. त्यांनी स्मरणिका काढायचे ठरवले आणि मंडळाचा इतिहास लिहायचे काम नव्या चिटणीस भुवनाकडे दिले. भुवना सत्तावीस वर्षांची अध्यापिका, राजवाड्याकडच्याच एका मराठी घरातली. तिला देवनागरी वाचता येत नसे आणि मराठी बोलताना ती मध्येच तमिळमध्ये घसरायची.

ती मला मागायला घरी आली. पेटीच्या पत्र्यातून मला तिचा आवाज ऐकू आला.

"सर, वही पाहिजे. चार दिवस. जपून आणून देईन."

"कुठे ठेवली आहे ते बघावे लागेल, मा," वेंकटराव तमिळ ढंगात म्हणाले. "पुढल्या आठवड्यात ये."

पुढल्या आठवड्यात ते म्हणाले, पाने ठिसूळ झाली आहेत. त्यापुढे म्हणाले, काय पाहिजे ते विचार, मी तोंडी सांगतो. आणि ते सांगायचेही : तारखा, नावे, ठराव. सगळे खरे सांगायचे, फक्त पहिल्या सभेपाशी आले की त्यांना खोकला यायचा.

चौथ्या खेपेला भुवना वेगळेच काहीतरी घेऊन आली. कॉलेजात मंडळाची जी खोली होती ती कॉम्प्युटरसाठी रिकामी करत होते. भिंतीत थंड हवेचे यंत्र बसवायचे होते. जुनी पत्रे, अहवाल, झाडांचे गठ्ठे, सारे व्हरांड्यात आले होते आणि रद्दीवाला येणार होता. भुवनाने त्यातले जमतील तेवढे गठ्ठे उचलून घरी नेले होते.

"सर, प्रत्येक कागदावर एकच सही आहे. चंद्रमती. या कोण? सुब्रमण्यम सरांना माहीत नाही."

तेवढ्यात राजमबाई कापी घेऊन आल्या.

"चंद्रमती? ती पापनाशमला असते गे," त्या सहज म्हणाल्या. "स्टेशनच्या मागल्या बाजूस, भावाच्या घरी. ऐकलांत कां, तुमच्याबरोबर सभेस यायची तीच ना?"

"हो," वेंकटराव म्हणाले. पेला खाली ठेवल्याचा आवाज आला. कापी त्यांनी प्यायली नाही, हे मला राजमबाईंच्या बोलण्यावरून कळले.

भुवना पापनाशमला गेली. तंजावूरहून बसने तासाभराचा रस्ता. दोन दिवसांनी ती परत आली तेव्हा तिचा आवाज उत्साहाने भरून वाहत होता. चंद्रमतीबाई पासष्ट वर्षांच्या आहेत, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे, तरी झाडाचे नाव पान चुरगाळून वासावरून सांगतात, असे तिने सांगितले.

"मी विचारलं त्यांना, यादीच्या पुस्तकात तुमचं नाव का नाही? त्या म्हणाल्या, पुस्तकाचं काय घेऊन बसलीस, पुस्तक छापणारा छापतो. वहीत बघ. पहिल्या सभेचं पान बघ. वेंकटरावांनी माझ्यासमोर लिहिलंय." भुवना थांबली. "सर, मला पूर्ण वही नको. तेवढं एक पान दाखवा. नाही तर तुम्हीच नकलून द्या."

मग वेंकटराव म्हणाले, "देतों. परवा ये."

मित्रांनो, तीस वर्षे ती बाई माझ्यावर विसंबून होती. जगाने नाव गाळले तरी वहीत ते आहे, या एका आधारावर ती निवांत झोपत होती. आणि माझ्या अंगावर पट्टी होती. वहीला लाज वाटते का, असे तुम्ही विचाराल. मला वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी राजमबाई शेजारी गेल्या होत्या. वेंकटरावांनी पेटी उघडली, शालू बाजूला ठेवला आणि मला खिडकीपाशी नेले. अकरा वर्षांनी माझ्या पानांवर ऊन पडले. त्यांनी नखाने पट्टीचे टोक उचलायचा प्रयत्न केला. कागद फाटू लागला.

"काय करताहां?" राजमबाई दारात उभ्या होत्या.

वेंकटरावांनी तोंड वर केले नाही. खाली बघतच त्यांनी सगळे सांगितले : ते प्राचार्य, तो कागद, ही पट्टी. सांगून झाल्यावर म्हणाले, "त्या साली आपला विघ्नेश जन्मला होता. मला भीती वाटली राजम."

राजमबाई पाटावर बसल्या. "अकरा वर्षं मी ह्या वहीस कुंकू लावत आलें," त्या म्हणाल्या. "सरस्वती म्हणून."

मला वाटले त्या आता उठून जातील. त्या उठल्या, पण स्वयंपाकघरात गेल्या आणि इडलीच्या भांड्याला वाफ आणून मऊ धोतराचा तुकडा त्यात ओलसर करून आणला. "तुमचा हात स्थिर नाही. सरका."

त्यांनी तो तुकडा पट्टीवर टेकवला, उचलला, परत टेकवला. घाई केली नाही. जुनी खळ हळूहळू मऊ झाली. पट्टी निघाली, पण तिच्याबरोबर थोडी शाईही गेली. 'चंद्र' राहिले, 'मती' पुसट झाले. पट्टी त्यांनी फेकली नाही. ती वाळवून त्याच पानाशी ठेवली.

मग वेंकटरावांनी समासात लिहिले : 'येथे मूळ नाव कुमारी चंद्रमती असे होते. १९६४ साली ते मी झाकले. हे खरे नव्हते. वेंकटराव.' खाली तारीख घातली. आता त्यांचे अक्षर वाकडेतिकडे येते. मला ते पुन्हा आवडले.

भुवना आली तेव्हा त्यांनी मला तिच्या हातात दिले आणि म्हणाले, "आधी समास वाच." तिने वाचले. तिचा चेहरा पडला. त्या माणसाकडे किती आदराने ती आली होती! ती रागावून काही बोलली नाही, हे वेंकटरावांना जास्त लागले असावे. शेवटी तिने एवढेच विचारले, "सर, हे सभेत सांगाल?"

"तुम्ही बोलवाल तर येईन."

१९९५च्या जानेवारीत सभा भरली. चौदा माणसे होती. भिंतीवर जुन्या अध्यक्षांचा हार घातलेला फोटो होता. वेंकटराव उभे राहिले, माझे सातवे पान वाचले आणि समासही वाचला. कुणीतरी खुर्ची सरकवली. सुब्रमण्यम अस्वस्थ झाले. जुने अध्यक्ष त्यांचे गुरू होते.

"सर, तुमच्याबद्दल आदर आहे," ते म्हणाले. "पण आता कशाला उकरून काढायचं? ते गेले, स्मरणिका छापखान्यात आहे, आणि हा विषय आजच्या पत्रिकेत नाही."

"आहे सर," भुवना म्हणाली. "पहिला विषय. मागील इतिवृत्त वाचून कायम करणे."

"मागील म्हणजे गेल्या सभेचं. चाळीस वर्षांपूर्वीचं नव्हे."

"पहिल्या सभेचं इतिवृत्त दुसऱ्या सभेत वाचून कायम झालं होतं. तेव्हा बाईंचं नाव त्यात होतं. नंतर जी ओळ आली ती कुठल्याच सभेनं कायम केलेली नाही. कुणीही कायम न केलेली ओळ आपण इतिहास म्हणून छापायची का?"

सुब्रमण्यमांनी चष्मा काढला, पुसला, फोटोकडे पाहिले. "त्यांनी मला शिकवलं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "लिहा. दुरुस्ती मंजूर. छापखान्याला फोन करा, थांबा म्हणावं."

मते घेतली तेव्हा चौदांपैकी तिघांनी हात वर केला नाही. तेही भुवनाने माझ्यात लिहिले.

पुढच्या रविवारी ती आणि वेंकटराव मला कापडी पिशवीत घालून पापनाशमला गेले. चंद्रमतीबाई ओसरीवर बसल्या होत्या. भुवनाने सातवे पान आणि समास वाचून दाखवले, पट्टीचेही सांगितले. बाईंनी सगळे ऐकून घेतले.

"सांगितलं कुणी?"

"अध्यक्षांनी," वेंकटराव म्हणाले.

"चिकटवली कुणी?"

"मीं."

"हं." त्यांनी माझ्या पानावरून बोट फिरवले. जिथे पट्टी होती तिथे कागद खरखरीत झाला आहे. त्यांना ते बोटाला लागले. "एकतीस वर्षं मी समजत होतें, वहीत आहे."

"आता आहे," वेंकटराव म्हणाले.

"आता आहे. तेव्हा नव्हतं." त्या एवढेच बोलल्या. क्षमा केली असे म्हणाल्या नाहीत आणि वेंकटरावांनी मागितलीही नाही. भाचीने कापी आणली ती आधी भुवनाला दिली. वेंकटरावांचा पेला जरा उशिरा आला, पण आला.

मग चंद्रमतीबाई भुवनाकडे वळल्या. "लिहायला आणलंयस कांही? त्या छापलेल्या यादीत सतरा चुका आहेत. मी मनात धरून ठेवल्यात. एकशे चाळीस नंबर आणि एकशे त्रेसष्ट नंबर एकच झाड आहे. पाण्याखालचं पान वेगळं, पाण्यावरचं वेगळं, म्हणून दोन केलीत तुम्ही."

"मी नाही," वेंकटराव पुटपुटले.

"यादी मंडळाची होती. तुम्ही चिटणीस होतां."

"होतों," ते म्हणाले.

संध्याकाळपर्यंत त्या सांगत होत्या आणि भुवना माझ्या शेवटच्या पानांवर लिहीत होती. लॅटिन नावांपाशी ती अडली की वेंकटराव एकेक अक्षर सांगायचे. तीन ठिकाणी त्या दोघांचा वाद झाला. दोनदा बाई बरोबर निघाल्या. तिसऱ्याचा निकाल लागला नाही, तोही तसाच लिहिला.

सतरा पुऱ्या झाल्यावर भुवनाने पान पुढे सरकवले. "बाई, सही करा."

"कशास? ही काय सभा होती?"

"तीन सभासद हजर आहेत. नियमात उपसमितीला तीन पुरतात."

चंद्रमतीबाईंना रेघ दिसत नव्हती. वेंकटरावांनी रेघेच्या सुरुवातीला बोट ठेवले आणि बाईंचे पेन धरून तिथे टेकवले. त्यांनी आपले पूर्ण नाव लिहिले.

मित्रांनो, आता मी कॉलेजच्या एका कपाटात असते. नवी इतिवृत्ते कॉम्प्युटरवर होतात. मला कुणी फारसे बोलावत नाही. भुवना मात्र दर विजयादशमीला येते, मला उघडते आणि कुठलेही एक पान वाचते. मी थकले आहे, तरी त्या दिवसाची वाट बघते.

तुमच्या शाळेत, मंडळात, संघात माझ्यासारखी एखादी वही असेल. तिला वाळवीपासून जपा, ओलीपासून जपा. पण जपायचे म्हणून पेटीत बंद करून ठेवू नका. मला कसरीने खाल्ले नाही, पाण्याने भिजवले नाही. मला दुखापत झाली ती जपणाऱ्याच्याच हातून, आणि बरीही मी त्याच हातांनी झाले. म्हणून वही उघडा, चारजणांत वाचा, आणि कुठे चुकले असेल तर खोडू नका, झाकू नका. शेजारी खरे लिहा आणि खाली आपली सही करा.

माझ्यात अजून अडीच पाने कोरी आहेत. कुणाचे नाव राहून गेले असेल तर सांगा. तेवढे मावेल.